परदेशातल्या टीमकडून प्रॉडक्ट पुण्यात घेताना: केटीचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाचं ज्ञान एका टीमकडून दुसरीकडे देणं) पूर्ण झाल्याची मेल जाते, चाळीस-पन्नास रेकॉर्डिंगं शेअर्ड ड्राइव्हवर पडतात, आणि महिन्याभरात पहिला पी-वन (सर्वांत तातडीचा बिघाड) येतो तेव्हा पुण्याची टीम जर्मनीला फोन लावते. पलीकडचा माणूस एव्हाना दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. हिंजवडी आणि खराडीतल्या अनेक इंजिनिअरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. सत्रं कमी पडली म्हणून असं होत नाही. कोणते निर्णय पुण्यात घ्यायचे ते ठरलेलंच नसतं आणि क्रम उलटा लावलेला असतो, म्हणून होतं.

पुढची पद्धत एका ठराविक प्रसंगासाठी आहे. मूळ कंपनी जर्मनीत आहे, शंभर टक्के मालकीची उपकंपनी पुण्यात आहे, आणि कारखान्यांत बसवलेल्या उपकरणांना सॉफ्टवेअर अपडेट पोचवणारं एक मॉड्यूल पाच-सहा जणांच्या टीमकडे यायचं आहे. कालावधी १२ आठवडे धरला आहे. मूळ कंपनी अमेरिकेत किंवा जपानमध्ये असेल तर कायद्याचे तपशील बदलतील, क्रम बदलणार नाही.

## १. काय येतंय, ते निर्णयांच्या भाषेत लिहा

"मॉड्यूलची ओनरशिप पुण्याकडे" या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी एका पानावर निर्णयांची यादी करा. कोड मर्ज करण्याची, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याची, अंतिम मंजुरी कुणाची? रिलीज थांबवण्याचा अधिकार कुणाला? बॅकलॉगचा (करायच्या कामांच्या यादीचा) क्रम कोण ठरवणार? ग्राहकाशी थेट कोण बोलणार? इंटरफेस बदलायचा तर कुणाला विचारायचं? थर्ड-पार्टी लायब्ररी बदलायची तर?

प्रत्येक निर्णयासमोर तीनपैकी एक शब्द लिहा: "पुणे ठरवतं", "पुणे सुचवतं, तिकडे ठरतं", "तिकडेच ठरतं". प्रत्येक ओळीला तारीख द्या, कारण सगळे निर्णय एकाच दिवशी येत नाहीत. मर्जची मंजुरी सहाव्या आठवड्यात, रिलीजचा अधिकार दहाव्यात, ग्राहकाशी संवाद तीन महिन्यांनी, अशी चढती मांडणी चालते.

इथे चुकतं: "दोघं मिळून ठरवू" असं लिहिलं जातं. दोघांचा निर्णय वादाच्या वेळी नेहमी मुख्यालयाकडे जातो. चौथा शब्द वापरू नका.

तपासा: हे पान दोन्हीकडच्या मॅनेजरांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळं भरावं आणि मग शेजारी ठेवून पाहावं. जिथे उत्तरं जुळत नाहीत, तिथेच पुढे भांडण होणार आहे. ते आत्ताच मिटवा.

## २. कागदपत्रं पहिल्या सत्राआधी

इंजिनिअरिंगचे लोक हा भाग लीगल आणि फायनान्सवर सोडून देतात. निदान चार गोष्टी मात्र टीम लीडने स्वतः विचारून घ्याव्यात.

कोडची मालकी. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. म्हणजे पुण्यात लिहिलेला कोड आपोआप पुण्याच्या उपकंपनीचा होतो, जर्मनीतल्या मूळ कंपनीचा होत नाही. तो तिकडे द्यायचा तर लेखी असाइनमेंट (हक्क सोपवल्याचा करार) लागतं. त्यातले बारकावे कलम १९ मध्ये आहेत. मुदत लिहिली नसेल तर असाइनमेंट पाच वर्षांपुरतं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच धरलं जातं. आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास ते संपले असं मानलं जातं. परदेशी नमुन्यावरून उचललेल्या करारांत या तीन गोष्टी हमखास राहून जातात.

प्रॉडक्शनचा डेटा. ग्राहकाच्या लॉगमध्ये नाव, ईमेल किंवा ऑपरेटरचा आयडी असेल, तर तो लॉग पुण्यातून नुसता उघडून पाहणं हेसुद्धा जीडीपीआरच्या (युरोपच्या वैयक्तिक माहिती संरक्षण नियमाच्या) दृष्टीने भारतात डेटा पाठवणं ठरतं. भारताबाबत युरोपीय कमिशनचा पुरेशा संरक्षणाचा निर्णय नाही, त्यामुळे २०२१ ची प्रमाणित करारकलमं किंवा तशीच दुसरी मान्य तरतूद आधी जागेवर हवी. यावर सोपा तांत्रिक मार्गही आहे: वैयक्तिक माहिती गाळूनच लॉग पुण्याला दिसतील अशी पाइपलाइन बनवा. केटीच्या कामांच्या यादीत ती पहिल्या आठवड्याआधी हवी.

निर्यात नियंत्रण. युरोपीय संघाच्या २०२१/८२१ या नियमात सॉफ्टवेअर किंवा तंत्रज्ञान इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणंही निर्यातीत मोडतं. मॉड्यूलमध्ये एन्क्रिप्शन असेल तर त्याचं वर्गीकरण झालं आहे का, ते लेखी विचारा. परतीच्या वाटेवर, म्हणजे पुण्यातून बाहेर पाठवताना, भारताची स्कोमेट यादी (निर्यात नियंत्रणाखालच्या वस्तू आणि तंत्रज्ञानाची) बघावी लागते.

कर. बहुतेक उपकंपन्या खर्च अधिक ठरावीक टक्के या हिशोबाने मूळ कंपनीकडून पैसे घेतात. कमी जोखमीचं कंत्राटी संशोधन केंद्र कुणाला म्हणायचं, याच्या कसोट्या प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१३ च्या परिपत्रक क्रमांक ६ मध्ये दिल्या आहेत. महत्त्वाची कामं मूळ कंपनी करते का, पैसा तिचा आहे का, देखरेख तिची आहे का, जोखीम तिची आहे का, हे त्यात पाहिलं जातं. तुमच्या पहिल्या पानावर निर्णयांच्या ओळी "पुणे ठरवतं" कडे सरकू लागल्या की या उत्तरांवर परिणाम होतो. म्हणून ते पान फायनान्सला दाखवा. निर्णय पुण्यात आणि कागद जुनेच, अशी स्थिती करतपासणीत महागात पडते.

## ३. देणारे आणि घेणारे

देणाऱ्यांची निवड ऑर्गचार्टवरून करू नका. रिपॉझिटरीवर (कोडच्या साठ्यावर) गिट शॉर्टलॉग ही कमांड चालवून गेल्या दोन वर्षांत कुणी किती कमिट, म्हणजे कोडचे बदल, केले ते बघा. मग गंभीर बग नक्की कुणी सोडवले ते टिकेटांमधून काढा. या दोन याद्यांत सामाईक येणारी दोन-तीन नावं म्हणजे तुमचे खरे देणारे. त्यांच्या कामाचे किमान ४० टक्के तास केटीसाठी मोकळे केल्याचं त्यांच्या मॅनेजरकडून लेखी घ्या. "जमेल तसं बघतील" असं उत्तर आलं तर सुरुवातच करू नका.

देणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो, तो बहुधा कुणी मोठ्याने विचारत नाही: हे दिल्यावर माझं काय? त्याचं पुढचं काम केटीआधी जाहीर व्हायला हवं. त्याआधी बोलवलेल्या सत्रांत तुम्हाला स्लाइड्स मिळतील, कारणं मिळणार नाहीत. जर्मनीत मोठ्या बदलांबाबत कामगार प्रतिनिधी मंडळाशी चर्चा करणं कायद्याने लागू शकतं. ती झाली आहे का, हे तिकडच्या एचआरकडून कळलं पाहिजे.

घेणाऱ्यांच्या बाजूने प्रत्येक विषयाला दोन माणसं ठेवा. आपल्याकडे ६० ते ९० दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो, म्हणजे १२ आठवड्यांच्या केटीच्या पहिल्याच आठवड्यात राजीनामा दिलेला माणूस केटी संपताना निघून जातो. दोघांपैकी एक जण अनुभवी, दुसरा दोन-तीन वर्षांचा. दोघंही नवखे असतील तर योग्य प्रश्नच पडत नाहीत. दोघंही ज्येष्ठ असतील तर लिहून ठेवायचं काम राहून जातं.

## ४. प्रवेश आणि लॅब: शून्यावा आठवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं. रिपॉझिटरी, बिल्ड सर्व्हर, टेस्टबेंच, टिकेट सिस्टीम, साइनिंग की (अपडेट अस्सल असल्याची डिजिटल सही करायची किल्ली), लायसन्स सर्व्हर, मॉनिटरिंग आणि जुन्या चर्चांचे चॅनल, या सगळ्याचे अधिकार सत्रांआधी मिळालेले असावेत. विनंती टाकली म्हणजे अधिकार मिळाला असं नाही. लॉगिन करून बघा.

हार्डवेअर लागत असेल तर ते सहा ते आठ आठवडे आधी हलवायला घ्या. पुण्यातलं युनिट एसटीपीआय (सॉफ्टवेअर पार्क योजना) किंवा एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) असेल तर आयातीचे कागद वेगळे असतात. उपकरणात वायफाय, ब्लूटूथ किंवा मोबाइल मोडेम असेल तर डब्ल्यूपीसीच्या (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाच्या) मंजुरीचा प्रश्न येतो. बॅगेतून बोर्ड आणण्याचा मोह आवरा. विमानतळावर अडकलेला बोर्ड सोडवण्यात केटीचे दोन आठवडे जातील.

तपासा: पुण्यातल्या कोऱ्या लॅपटॉपवर, पलीकडच्या कुणालाही न विचारता, फक्त उपलब्ध कागद वाचून मॉड्यूल बिल्ड करा आणि लॅबमधल्या उपकरणावर चढवा. जिथे अडलात ती प्रत्येक जागा लिहून ठेवा. ही यादी म्हणजे पहिल्या आठवड्याचा अजेंडा. बिल्ड होत नाही तोवर सत्र क्रमांक एक नाही.

## ५. वेळापत्रक

जर्मनीतले सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे १.३० आणि उन्हाळ्यात १२.३०. त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, आपलं कधीच नाही. टीममध्ये अमेरिकेचे लोकही असतील तर लक्षात ठेवा: तिकडचा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि शरदातला एक आठवडा तिघांचीही गणितं चुकतात.

रोज एकच सत्र, जास्तीत जास्त ९० मिनिटं, त्यांच्या सकाळी. पुण्याची सकाळ मोकळी ठेवा. आदल्या दिवशी ऐकलेलं स्वतः करून बघायची तीच वेळ. दिवसाला तीन-तीन सत्रं लावून दोन आठवड्यांत केटी "उरकली" तर चौथ्या दिवसापासून डोक्यात काही शिरत नाही. गणपती, दिवाळी, तिकडचा सुट्ट्यांचा ऑगस्ट आणि नाताळ ते नवीन वर्ष या काळात साइन-ऑफची (केटी पूर्ण झाल्याच्या सहीची) तारीख टाकू नका.

खबरदारी: रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी सगळ्यांची स्पष्ट संमती घ्या. जर्मनीत संमतीविना खाजगी संभाषण रेकॉर्ड करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

## ६. सत्रं: काय विचारायचं

आर्किटेक्चरच्या चित्राने सुरुवात करू नका. ते चित्र कसं असायला हवं होतं ते सांगतं, कसं झालं ते सांगत नाही. गेल्या वर्षातले दहा गंभीर बग निवडा आणि एका सत्रात एक बग सोडवण्याचा माग काढा: पहिली खूण काय दिसली, कोणता लॉग उघडला, कुठे वाट चुकली, शेवटी कारण कसं सापडलं. दहा बगांत मॉड्यूलचा जवळजवळ प्रत्येक कोपरा येऊन जातो.

मग कोडमधले आकडे. समजा अपडेट पोचला नाही तर पुन्हा प्रयत्न करण्याआधी कोड ७ सेकंद थांबतो. कॉमेंट नाही. संवाद असा जायला हवा:

"सातच का?"
"एका ग्राहकाचा जुना राउटर परत नेटवर्कवर यायला सहा सेकंद घेतो."
"तो ग्राहक अजून आहे?"
"आहे. दोन प्लांट आहेत."
"आम्ही दोन सेकंद केले तर?"
"तीन प्रयत्न वाया जातील, मग उपकरण पूर्ण अपडेट पहिल्यापासून मागेल. त्यांची लाइन संथ आहे. रात्रभर अडकेल."
"हे आम्हाला टेस्टमध्ये दिसेल का?"
"नाही. आमच्या लॅबमध्ये तो राउटर नाही."

या संवादातून तीन कामं निघतात. कोडशेजारी एक निर्णय-नोंद, पुण्याच्या लॅबसाठी एक राउटर किंवा त्याच्यासारखं संथ वागणारं नेटवर्क, आणि एक नवी टेस्ट. रेकॉर्डिंग ऐकून हे कुणालाही सापडलं नसतं, कारण तो आकडा विचारल्याशिवाय निघतच नाही. अनुभवी माणसाला जे सहज वाटतं ते तो आपणहून सांगत नाही. लपवायचं म्हणून नाही, त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही.

निर्णय-नोंद छोटी ठेवा. काय ठरवलं, का, कोणते पर्याय सोडले, आणि कोणती परिस्थिती बदलली की हा निर्णय पुन्हा उघडायचा. चौथी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि तीच सगळ्यात उपयोगी. वरच्या उदाहरणात ती अशी असेल: "दोन्ही प्लांटमधले राउटर बदलले की हा आकडा कमी करावा." नोंद रिपॉझिटरीतच, कोडसोबत राहू द्या. विकीवर टाकलेली नोंद वर्षभरात शिळी होते.

इथे चुकतं: सत्राच्या शेवटी "एनी क्वेश्चन्स?" येतं, पुण्याकडून शांतता किंवा "येस, क्लिअर". आपल्याकडे हा "येस" बऱ्याचदा "ऐकलं" या अर्थाचा असतो, पलीकडे तो "कळलं, आता आम्ही बघतो" असा पोचतो. उपाय सोपा आहे. शेवटची १५ मिनिटं घेणाऱ्याने स्क्रीन शेअर करून तोच भाग उलट समजावून सांगायचा. देणाऱ्याने चूक दिसली तरी मध्ये न थांबवता लिहून ठेवायची. पहिल्या आठवड्यात अवघडल्यासारखं होईल. लीडने स्वतः पहिली पाळी घ्यावी म्हणजे बाकीच्यांची भीड चेपते.

## ७. काम हातात घेणं

आठवडा ४ ते ६: देणारा काम करतो, घेणारा शेजारी बसून बघतो. खऱ्या टिकेटवर, सरावाच्या नव्हे.

आठवडा ७ ते १०: उलट. घेणारा काम करतो, देणारा बघतो आणि त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. हा नियम मोडला जातोच, कारण अनुभवी माणसाला दहा मिनिटांचं काम दोन तास चाललेलं बघवत नाही. म्हणून तांत्रिक अडसर घाला. कोडओनर्स फाइलमध्ये (कोणत्या कोडच्या बदलाला कुणाची मंजुरी लागते ते सांगणाऱ्या) पुण्याची नावं टाका आणि देणाऱ्यांचा थेट मर्जचा अधिकार काढा. पुल रिक्वेस्टवर (बदल मिसळण्याच्या विनंतीवर) ते मत देऊ शकतात.

या काळात एक तरी रिलीज पुण्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला हवी, साइनिंग आणि रोलबॅकसह (जुन्या आवृत्तीवर परत जाणं). रोलबॅक कधी केलेला नसतो, म्हणून तो मुद्दाम करून बघा.

तपासा: रोजच्या प्रश्नांची नोंद ठेवा: पुण्याने तिकडे किती प्रश्न विचारले आणि त्यातले किती कागदात आधीच असायला हवे होते. आकडा दर आठवड्याला कमी होत असेल तर ठीक. एकदम शून्य झाला तर जपून: बहुधा लोकांनी विचारणं थांबवलं आहे.

## ८. साइन-ऑफ

सत्रांची हजेरी किंवा कागदांची टक्केवारी बघून सही करू नका. अकराव्या आठवड्यात सलग पाच कामकाजाचे दिवस देणाऱ्यांना पूर्ण बाजूला ठेवा. ना चॅट, ना फोन. त्या आठवड्यात तिकडचा एखादा इंजिनिअर, जो केटीत नव्हता, टेस्ट सिस्टीममध्ये न सांगता एक जुना बग परत घालेल. पुण्याने तो शोधावा, दुरुस्त करावा आणि का झाला ते लिहावं. जमलं तर सही. नाही जमलं तर कुठे अडलं ते बघून बारावा आठवडा त्यावर घालवा.

सहीनंतर तीन महिने देणाऱ्यांपैकी एकाचे आठवड्याला चार तास राखीव ठेवा. त्यांचा खर्च कुणाच्या बजेटमधून जाणार, हेही लिहून ठेवा. तसं नसेल तर दुसऱ्याच महिन्यात ते तास गायब होतात.

## ९. पुण्यात सुचलेलं परत पाठवणं

ओनरशिप आली की सहा महिन्यांत पुण्याच्या टीमला अशा गोष्टी दिसू लागतात ज्या मूळ टीमला कधी दिसल्या नाहीत. संथ नेटवर्कवर अपडेटचे तुकडे कसे करायचे, ही अशीच एक गोष्ट. त्या वर पोचाव्यात म्हणून पहिल्या पानावर आणखी एक ओळ वाढवा: टीमच्या वेळेपैकी किती भाग पुणे कुणाला न विचारता प्रयोगावर घालवू शकतं. दहा टक्के असेना का, पण लिहिलेला हवा. प्रयोग दाखवताना स्लाइड नको, लॅबमधलं चालतं उपकरण दाखवा, आणि बघायला ज्याच्याकडे प्रॉडक्टचा रोडमॅप आहे त्यालाच बोलवा.

पेटंट होण्यासारखं काही असेल तर क्रम काटेकोर पाळा:

१. परिषदेत, ब्लॉगवर किंवा ग्राहकासमोर उघड करण्याआधी शोधाची नोंद अर्जावर करा. युरोपात आधी उघड झालेल्या शोधाला सहसा पेटंट मिळत नाही.

२. ज्यांनी कल्पनेत भर घातली त्यांचीच नावं शोधक म्हणून द्या. मॅनेजरचं नाव मानाने घालू नका, आणि पुण्याच्या इंजिनिअरचं नाव सोयीने गाळू नका.

३. शोधकांपैकी कुणी भारताचा रहिवासी असेल तर पेटंट कायदा १९७० चं कलम ३९ बघा. परदेशात अर्ज करण्याआधी एकतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्या, किंवा भारतात आधी अर्ज करून सहा आठवडे थांबा. परवानगीचा अर्ज नियमाप्रमाणे साधारण २१ दिवसांत निकाली निघतो. इथे नागरिकत्वाला महत्त्व नाही, रहिवास बघितला जातो. पुण्यात राहणारा जर्मन इंजिनिअरही यात येतो.

४. पुण्याच्या शोधकांकडून लेखी असाइनमेंट घ्या, तेही ते नोकरीत असतानाच. सोडून गेलेल्या माणसाच्या सहीसाठी महिनोन् महिने जातात.

५. जर्मनीतल्या सहशोधकांसाठी तिथला कर्मचारी-शोध कायदा वेगळा चालतो. त्यांनी मालकाला लेखी कळवायचं असतं, आणि कळवल्यापासून चार महिन्यांत मालकाने शोध सोडून दिला नाही तर तो मालकाने घेतला असं धरतात. मोबदल्याचा हक्क मात्र त्यांच्याकडे राहतो. एकाच शोधावर तिकडच्या सहकाऱ्याला मोबदला आणि इकडच्याला काहीच नाही, हे टीमला कळतंच. म्हणून उपकंपनीचं बक्षीस-धोरण आधी ठरवून ठेवा.

इथे चुकतं: "भारतात सॉफ्टवेअरला तसंही पेटंट मिळत नाही, मग परवानगी कशाला?" कलम ३ मधली नुसत्या संगणक प्रोग्रामला असलेली बंदी आणि कलम ३९ ची परवानगी यांचा काही संबंध नाही. शोध भारतात पेटंटयोग्य असो वा नसो, परदेशी अर्जाआधी परवानगी किंवा वर सांगितलेला सहा आठवड्यांचा मार्ग लागतोच. दोन्हीपैकी काहीच न केल्यास भारतातला अर्ज सोडून दिला असं मानलं जातं, मिळालेलं पेटंट रद्द होऊ शकतं, आणि कलम ११८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे. मुख्यालयातल्या पेटंट विभागाला हे माहीत असेल असं गृहीत धरू नका. शोधाच्या अर्जावर "प्रत्येक शोधक शोधाच्या वेळी कोणत्या देशात राहत होता" असा रकाना घालून घ्या, आणि तो रिकामा असेल तर अर्ज पुढे जाऊ देऊ नका.